पाइनहर्स्ट क्रमांक २

पाइनहर्स्ट क्रमांक २ हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील पाइनहर्स्ट या गावी असलेले १८ होलचे गोल्फ मैदान आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले मैदानरचनाकार डॉनल्ड रॉस यांनी त्याची आखणी केली आणि १९०७ मध्ये ते पूर्ण १८ होलांसह खेळासाठी खुले झाले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील पारंपरिक गोल्फ मैदानांचे हे एक प्रमुख उदाहरण मानले जाते. १९९९, २००५, २०१४ व २०२४ या वर्षांची पुरुषांची यूएस ओपन स्पर्धा आणि २०१४ ची महिलांची यूएस ओपन स्पर्धा येथे झाली.

या मैदानावर पाण्याचे अडथळे जवळजवळ नाहीत आणि फेअरवेंच्या कडेला उंच, दाट गवतही नाही. तरीही ते जगातील अवघड मैदानांमध्ये गणले जाते. मधोमध उंच व कडांना उतरती असलेली ग्रीन हे त्याचे मुख्य कारण होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैदानाचे मूळ वालुकामय रूप हिरवळीखाली झाकले गेले होते. २०१०-११ मधील पुनर्स्थापनेत ते पुन्हा उघड करण्यात आले.

## स्थान व भूमी

पाइनहर्स्ट हे मूर काउंटीतील गाव राज्याची राजधानी रॅले हिच्या नैर्ऋत्येस सुमारे ११० किलोमीटरवर आहे. हा प्रदेश ‘सँडहिल्स’ म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश या नावाने ओळखला जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे समुद्रकिनारा होता. आज अटलांटिक महासागर दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असला, तरी जमीन सौम्य चढउतारांची व वाळूची आहे. पावसाचे पाणी अशा जमिनीत झटकन मुरते, त्यामुळे पृष्ठभाग कोरडा व टणक राहतो आणि पडलेला चेंडू उसळून बराच घरंगळतो.

येथील मूळ अरण्य लांब सुयांच्या पाइन वृक्षांचे आहे. या वृक्षांखाली झुडपे दाटत नाहीत. तारेसारख्या ताठ पात्यांचे ‘वायरग्रास’ नावाचे गवत झुबक्यांनी उगवते आणि अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे जंगल विरळ राहते. एके काळी आग्नेय अमेरिकेत या वृक्षांची अरण्ये फार मोठ्या क्षेत्रावर पसरलेली होती. जहाजबांधणीसाठी लागणारे डांबर व टर्पेंटाइन आणि त्यानंतर इमारती लाकूड यांसाठी त्यांची इतकी तोड झाली, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाइनहर्स्ट परिसर जवळजवळ उजाड झाला होता.

## इतिहास

### गावाची स्थापना

बॉस्टनचे उद्योजक जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी सोडा फाउंटन यंत्रांच्या निर्मितीतून संपत्ती मिळवली होती. १८९५ मध्ये त्यांनी सँडहिल्समधील साडेपाच हजार एकरांहून अधिक तोडलेली वनजमीन एकरी सुमारे एक डॉलर दराने विकत घेतली. उत्तरेकडील कडक हिवाळ्यापासून दूर, कोरड्या हवेत प्रकृती सुधारण्यासाठी लोकांनी यावे, असे आरोग्यस्थान वसवण्याचा त्यांचा मानस होता. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या संस्थेने गावाची वळणदार रस्त्यांची मांडणी तयार केली.

क्षयरोग संसर्गजन्य असल्याचे सर्वमान्य होत गेले, तशी आजारी पाहुण्यांसाठीची ही योजना मागे पडली आणि पाइनहर्स्टने हौशी प्रवाशांचे विश्रामस्थान हे रूप घेतले. पाहुणे दुधाळ गाईंच्या कुरणात चेंडू मारू लागल्याने गाईंना त्रास होऊ लागला व त्यातूनच गोल्फ मैदानाची कल्पना पुढे आली, अशी आख्यायिका सांगितली जाते. पहिले नऊ होल १८९८ मध्ये तयार झाले.

### डॉनल्ड रॉस

डॉनल्ड रॉस (१८७२–१९४८) यांचा जन्म स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील डॉर्नॉक येथे झाला. सुतारकाम शिकल्यानंतर त्यांनी सेंट अँड्र्यूज येथे ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढे ते अमेरिकेत आले व १९०० च्या हिवाळ्यात टफ्ट्स यांच्या बोलावण्यावरून पाइनहर्स्टला दाखल झाले. डॉर्नॉकची समुद्रकाठची वाळू आणि सँडहिल्सची वाळू यांतील साम्य त्यांच्या कामास अनुकूल ठरले.

रॉस यांनी अमेरिकेत सुमारे ४०० मैदानांची आखणी वा फेररचना केल्याचे मानले जाते. त्यांपैकी अनेक स्थळांना त्यांची प्रत्यक्ष भेट मोजकीच झाली. क्रमांक २ मात्र त्यांच्या घराशेजारी होते. तिसऱ्या ग्रीनलगत त्यांचे ‘डॉर्नॉक कॉटेज’ हे निवासस्थान होते. त्यामुळे १९०७ नंतरही सुमारे चार दशके ते या मैदानात सुधारणा करत राहिले.

### वाळूची ग्रीन

आरंभीच्या जवळजवळ तीन दशकांत येथील ग्रीनवर गवत नव्हते. वाळू दाबून सपाट केलेल्या पृष्ठभागावर चेंडू कपाकडे ढकलला जात असे. दक्षिणेकडील उष्ण हवेत, आणि तेही खेळाच्या मुख्य म्हणजे हिवाळी हंगामात, ग्रीनसाठी लागणारे तलम गवत टिकवणे त्या काळी कठीण होते. पाण्याची टंचाई असलेल्या भारतातील काही जुन्या मैदानांवरही अशी वाळूची ‘ब्राउन्स’ वापरली गेली आहेत.

१९३६ ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा जवळ आल्यावर, १९३४-३५ च्या सुमारास रॉस यांनी ग्रीनवर बर्म्युडा गवत लावले. गवतामुळे पृष्ठभागास उंचसखलपणा देणे शक्य झाले. वाळूच्या चौकोनांच्या जागी उंचवटे, उतार व सभोवतालचे खळगे आले आणि मैदानास आजची ओळख मिळाली.

### हिरवळीचा काळ

१९७० च्या अखेरीस टफ्ट्स कुटुंबाने हे विश्रामस्थान विकले. त्यानंतरच्या दशकांत मालकी बदलत गेली व मैदानाचे रूपही पालटले. दूरचित्रवाणीच्या रंगीत प्रसारणामुळे गर्द हिरवे, डागविरहित मैदान हाच आदर्श ठरू लागला होता. स्वयंचलित तुषार सिंचनामुळे फेअरवेबाहेरही एकसारखे गवत वाढवता येऊ लागले. पाइन वृक्षांखालची उघडी वाळू व वायरग्रास यांच्या जागी बर्म्युडा गवताचे रफ आले. फेअरवे अरुंद झाले आणि त्यांच्या कडा सरळ रेषेत कापल्या जाऊ लागल्या.

या बदलाने मैदान सोपे झाले नाही. पण त्याचा अवघडपणा वेगळ्या जातीचा झाला. रफमध्ये गेलेला चेंडू गवतात रुतून बसे आणि तो कसाबसा फेअरवेवर काढण्यापलीकडे खेळाडूपुढे फारसा पर्याय उरत नसे. रॉस यांच्या रचनेत खेळाडूने जे निर्णय घेणे अपेक्षित होते, ते घेण्याची संधीच कमी झाली.

## मैदानाची रचना

### फेअरवे व वालुकामय कडा

स्पर्धांच्या वेळी मैदानाची लांबी सुमारे ७,५०० यार्ड (सुमारे ६,९०० मीटर) व पार ७० असते. एखादे होल वा संपूर्ण मैदान निपुण खेळाडूने जितक्या फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते, त्या संख्येस ‘पार’ म्हणतात. एरवीच्या पाहुण्यांसाठी पुढच्या टी उपलब्ध असतात व पार ७२ धरला जातो. आठवे व सोळावे होल पाहुण्यांसाठी पार पाचचे, तर यूएस ओपनमध्ये पार चारचे असते.

फेअरवे रुंद आहेत, पण त्यांची प्रत्येक बाजू सारख्या उपयोगाची नाही. कप ग्रीनच्या डाव्या भागात असेल, तर अनेकदा उजवीकडून खेळलेला दुसरा फटका सोपा जातो. त्यामुळे टीवरून मारलेला फटका फेअरवेवर पडला, एवढे पुरत नाही. फेअरवेच्या बाहेर वाळू, पाइनच्या गळलेल्या सुया आणि वायरग्रासचे झुबके असतात. तेथे चेंडू मोकळ्या, घट्ट वाळूवर थांबल्यास ग्रीनपर्यंतचा फटका शक्य असतो. झुबक्याच्या मुळाशी अडकल्यास बाजूला काढणे भाग पडते. हे क्षेत्र नियमांच्या दृष्टीने बंकर नाही. त्यामुळे फटक्यापूर्वी स्टिक जमिनीला टेकवण्यास तेथे मुभा असते.

पाण्याचा एकमेव अडथळा म्हणजे सोळाव्या होलच्या टीसमोरचे तळे. नेटका फटका मारणाऱ्यास त्याची अडचण होत नाही.

### ग्रीन

येथील ग्रीनची तुलना पालथ्या बशीशी किंवा कासवाच्या पाठीशी केली जाते. मध्यभाग उंच असून कडा सर्व बाजूंनी बाहेर उतरतात. दिसायला ग्रीन मोठे असले, तरी चेंडू ज्यावर टिकू शकेल असा भाग बराच लहान असतो. कडेवर पडलेला चेंडू क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मग उतारावरून खाली जातो.

ही घुमटाकार रूपे पूर्णपणे रॉस यांचीच आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रीन गुळगुळीत ठेवण्यासाठी त्यांवर वर्षानुवर्षे वाळूमिश्रित थर पसरले जातात. या थरांमुळे मूळचे उंचवटे आणखी वाढले असावेत, असे काहींचे मत आहे. रॉस यांना उंचावलेली ग्रीन व त्यांभोवतीचे उतार अभिप्रेत होते, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. डॉर्नॉकच्या मैदानावरही उंच पठारी ग्रीन आढळतात.

## खेळाचे स्वरूप

बहुतेक आधुनिक मैदानांवर ग्रीन चुकलेला चेंडू उंच गवतात अडकतो आणि तो बाहेर काढण्यासाठी उघड्या तोंडाच्या वेज स्टिकने उंच फटका मारावा लागतो. क्रमांक २ वर ग्रीनच्या भोवतीचे खळगेही आखूड कापलेले असतात. खळग्यात थांबलेल्या चेंडूसाठी खेळाडूपुढे निदान तीन मार्ग असतात.

- पटरने चेंडू जमिनीवरूनच उतार चढवून वर पाठवणे.
- मधल्या क्रमांकाच्या आयर्नने चेंडू किंचित उचलून पुढे घरंगळू देणे.
- वेजने चेंडू उंच उडवून कपाजवळ उतरवणे.

यांतील कोणताही मार्ग उघडपणे चुकीचा नसतो आणि हाच येथील पेच आहे. पटरचा फटका कमी पडल्यास चेंडू पुन्हा खेळाडूच्या पायांशी येतो. जोर अधिक झाल्यास ग्रीन ओलांडून पलीकडच्या खळग्यात जातो. उंच फटक्यासाठी स्टिक चेंडूखाली अचूक जावी लागते, आणि टणक जमिनीवर तेथे चुकीला फार वाव नसतो. एकाच खळग्यातून दोन नामांकित खेळाडू दोन भिन्न स्टिक वापरताना दिसतात, ते यामुळेच.

याचा परिणाम निरनिराळ्या दर्जाच्या खेळाडूंवर वेगवेगळा होतो. सामान्य खेळाडूचा चेंडू येथे सहसा हरवत नाही. बहुतेक वेळा तो सापडतो व खेळता येतो, म्हणून नवख्यालाही १८ होल पूर्ण करता येतात. चांगल्या गुणांसाठी मात्र दूरवरून ग्रीनच्या मध्यावर चेंडू ठेवण्याचे कौशल्य व संयम लागतो. कप कडेला असताना थेट त्यावर नेम धरण्याचा मोह येथे सर्वाधिक महाग पडतो.

आठव्या होलचे ग्रीन या दृष्टीने प्रसिद्ध आहे. १९९९ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या फेरीत जॉन डेली यांचा चेंडू या ग्रीनवरून उलट घरंगळत येत असताना त्यांनी तो चालत्या स्थितीतच फटकावला व दंडासह त्या एका होलवर ११ फटके नोंदवले. २००५ मध्ये तीन फेऱ्यांनंतर तीन फटक्यांनी आघाडीवर असलेले रेटिफ गूसेन यांना शेवटच्या फेरीत ८१ फटके लागले. त्यांच्याच जोडीने खेळणारे जेसन गोर यांना ८४ लागले.

## कॅडी व वर्णभेद

दक्षिणेकडील पारंपरिक मैदानांवर चालत, कॅडीच्या सोबतीने खेळण्याची प्रथा आहे. कॅडी खेळाडूची पिशवी वाहतो, अंतर सांगतो, वाळू सारखी करतो आणि मुख्यतः ग्रीनचा उतार ओळखून चेंडू कोठे वळेल याचा सल्ला देतो. क्रमांक २ वर उतार डोळ्यांना फसवत असल्याने हा सल्ला विशेष मोलाचा ठरतो.

या परंपरेची दुसरी बाजू वर्णभेदाची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्थ कॅरोलिनात वांशिक विभक्तीकरणाचे कायदे लागू होते. पाहुणे व खेळाडू गौरवर्णीय, तर कॅडी आणि सेवक बहुसंख्येने कृष्णवर्णीय, अशी विभागणी येथेही होती. अनेक कॅडी शेजारच्या टेलरटाउन या कृष्णवर्णीय वस्तीतून येत. मैदानाची बारकाईने माहिती असलेल्या या मंडळींना मोठ्या व्यावसायिक स्पर्धांची दारे बंद होती. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीए या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून सदस्यत्व केवळ गौरवर्णीयांपुरते मर्यादित ठेवणारे कलम होते आणि ते १९६१ मध्ये रद्द झाले.

पाइनहर्स्टच्या कॅडींपैकी विली मॅक्रे हे विशेष प्रसिद्ध होते. १९४३ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी हे काम सुरू केले आणि सात दशकांहून अधिक काळ ते करत राहिले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. दक्षिणेतील जुन्या मैदानांचा इतिहास दीर्घकाळ मालक, रचनाकार व विजेते यांच्या नावांनी सांगितला गेला. अलीकडच्या लेखनात कॅडींच्या वाट्याची नोंदही घेतली जाऊ लागली आहे.

## पुनर्स्थापना

२०१० मध्ये बिल कूर व बेन क्रेनशॉ या रचनाकारांच्या जोडीकडे मैदानाच्या पुनर्स्थापनेचे काम देण्यात आले. कूर नॉर्थ कॅरोलिनातच वाढले व तरुणपणी या मैदानावर खेळले होते. क्रेनशॉ यांनी १९८४ व १९९५ मध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकली होती. रॉस यांच्या हयातीतील रूप निश्चित करण्यासाठी १९४३ मधील हवाई छायाचित्रांचा उपयोग करण्यात आला. त्यांत फेअरवेंची मूळ रुंदी, वाकड्यातिकड्या कडा आणि बंकरांचे आकार स्पष्ट दिसत होते. जमिनीत पुरलेल्या जुन्या सिंचन नळीची मधली रेषाही फेअरवेचा मध्य ओळखण्यास मार्गदर्शक ठरली.

सुमारे ३५ एकरांवरील गवत काढून वाळू उघडी करण्यात आली व वायरग्रासची हजारो रोपे लावण्यात आली. रफ पूर्णपणे नाहीसे झाले. आता मैदानावर गवताच्या दोनच उंची राखल्या जातात, एक ग्रीनवरची व दुसरी उरलेल्या सर्व भागांतली. सिंचनाच्या तुषारतोट्यांची संख्या सुमारे १,१५० वरून ४५० पर्यंत खाली आली आणि पाण्याचा वार्षिक वापर निम्म्याहून अधिक घटला. पाणी फेअरवेच्या मधल्या पट्ट्यास अधिक मिळत असल्याने मध्य हिरवा व कडा पिवळट, असे रूप आपोआप तयार होते.

हा निर्णय जोखमीचा होता. पुरुषांची व महिलांची यूएस ओपन २०१४ मध्ये याच मैदानावर लागोपाठच्या आठवड्यांत व्हावयाची होती आणि यूएस ओपन म्हणजे दाट रफ, हे समीकरण रूढ झालेले होते. प्रसारणात दिसलेल्या तपकिरी मैदानावर काहींनी टीका केली. खेळाच्या दृष्टीने मात्र रफशिवायही कसोटी टिकून राहिली: पुरुषांच्या स्पर्धेत विजेत्यासह अवघे तीन, तर महिलांच्या स्पर्धेत केवळ एक खेळाडू चार फेऱ्यांअखेर पारपेक्षा कमी फटक्यांत राहिले. पुढील काळात पाणी व खते यांचा वापर कमी करू पाहणाऱ्या मैदानांसाठी क्रमांक २ हे वारंवार दिले जाणारे उदाहरण ठरले.

## प्रमुख स्पर्धा

- १९३६, पीजीए अजिंक्यपद: डेनी शूट विजयी.
- १९५१, रायडर चषक: अमेरिकेने ग्रेट ब्रिटनचा पराभव केला.
- १९९९, यूएस ओपन: पेन स्टुअर्ट यांनी १८ व्या ग्रीनवर सुमारे १५ फुटांवरून चेंडू कपात घालून फिल मिकेलसन यांना एका फटक्याने हरवले. पारपेक्षा कमी फटक्यांत स्पर्धा संपवणारे ते एकटेच होते. चारच महिन्यांनी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १८ व्या ग्रीनजवळ त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे.
- २००५, यूएस ओपन: न्यूझीलंडचे मायकेल कॅम्पबेल यांनी टायगर वुड्स यांच्यावर दोन फटक्यांनी मात केली.
- २०१४, यूएस ओपन: जर्मनीचे मार्टिन कायमर आठ फटक्यांच्या फरकाने विजयी. त्यांनी खळग्यांतून अनेकदा पटरचाच वापर केला.
- २०१४, महिला यूएस ओपन: मिशेल वी विजयी. शेवटच्या फेरीत सोळाव्या होलवर त्यांचा चेंडू वायरग्रासमध्ये अडकून दोन फटके वाया गेले. सतराव्या होलवर त्यांनी एक फटका भरून काढला.
- २०२४, यूएस ओपन: ब्रायसन डीशँबो यांनी रॉरी मॅकिलरॉय यांना एका फटक्याने मागे टाकले. शेवटच्या होलवर टीवरून मारलेला फटका वालुकामय भागात गेला, दुसरा सुमारे ५५ यार्ड दूरच्या बंकरमध्ये पडला. तेथून त्यांनी चेंडू कपाच्या अगदी जवळ आणून पार साधला.

यांखेरीज १९०१ पासून पाइनहर्स्टमध्ये होणाऱ्या ‘नॉर्थ अँड साउथ’ या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेशीही हे मैदान निगडित आहे. याच नावाच्या खुल्या स्पर्धेत १९४० मध्ये बेन होगन यांनी व्यावसायिक म्हणून आपला पहिला वैयक्तिक विजय मिळवला.

## सद्यःस्थिती

पाइनहर्स्ट येथे आता क्रमांक १ ते १० अशी दहा मैदाने आहेत. गावास १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशनने क्रमांक २ ला यूएस ओपनचे पहिले कायमस्वरूपी आवर्तन-स्थळ म्हणून घोषित केले असून २०२९, २०३५, २०४१ व २०४७ या वर्षांच्या स्पर्धा येथे नियोजित आहेत. २०२९ मध्ये पुरुष व महिला या दोन्ही स्पर्धा होणार आहेत.

दक्षिणेतील ऑगस्टा नॅशनलसारखी ख्यातनाम मैदाने केवळ सदस्य व त्यांच्या पाहुण्यांसाठी खुली असतात. क्रमांक २ वर मात्र विश्रामस्थानात उतरणाऱ्या कोणासही शुल्क भरून खेळता येते. हे शुल्क बरेच जास्त असल्याने ही खुलेपणाची मर्यादाही आहे. वसंत व शरद हे येथील खेळाचे मुख्य हंगाम होत. हिवाळ्यात बर्म्युडा गवत सुप्तावस्थेत जाते, तेव्हा फेअरवे व भोवतालची वाळू यांचे रंग एकमेकांत मिसळतात.